रोबो तिकडे, माणूस इकडे: दूरनियंत्रणात माणसाला नेमकं कुठे बसवायचं?

दूरहस्त
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी टेलिरोबॉटिक्समध्ये संशोधन करतो, म्हणजे एका जागी बसून दुसरीकडचा रोबो चालवणं. आमच्या प्रयोगशाळेत दोन यांत्रिक हात आहेत. एक माझ्या मुठीत असतो, दुसरा भिंतीपलीकडच्या खोलीत. मी हात हलवला की पलीकडचा तसाच हलतो, आणि तो कशाला टेकला की तो जोर माझ्या मनगटाला जाणवतो. काम अगदी साधं आहे: धातूची एक खुंटी भोकात बसवायची.

मध्ये उशीर नसेल तर खुंटी सहज बसते. मग आम्ही मुद्दाम सिग्नलला उशीर लावतो. अर्धा सेकंद लावला की काय होतं ते सांगतो. खुंटी भोकाच्या कडेला टेकलेली असते, पण मला ते अजून कळलेलं नसतं, म्हणून मी दाबतच राहतो. तो सगळा जोर उशिराने आणि एकदम माझ्या हातावर येतो. मी दचकून मागे घेतो, पण पलीकडचा हात माझ्या जुन्याच हुकुमावर पुढे दाबतोय. मी मागे तर तो पुढे, मी पुढे तर तो मागे. चार-पाच वेळा असं झालं की दोन्ही हात ठकाठक थरथरू लागतात आणि लाल बटण दाबावं लागतं.

यावर उपाय म्हणून आम्ही रोबोला स्वतःची थोडी अक्कल दिली. मी फक्त "या भोकात बसव" असं सांगायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. बहुतेक वेळा काम होतं. पण खुंटी अडली की सूत्रं माझ्याकडे येतात, आणि त्या क्षणी मला काहीही उमगत नाही. खुंटी कुठल्या अंगाला कललीय, किती जोर लागलाय, आधी काय काय करून झालंय, सगळं कोरं. हात माझा, पण मी त्या कामात नव्हतोच.

आमच्या गटात यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो रोबोला आणखी हुशार करा, माणूस देखरेखीपुरता ठेवा. माझं मत उलट होत चाललंय. माणसाला नुसतं बघायला बसवलं की आणीबाणीत त्याचा उपयोग होत नाही, त्याचा हात कामातच राहिला पाहिजे. तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष हे काम करत असेल तर ऐकायचं आहे.

साधाप्रश्न
माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण कुतूहल आहे. माणूसच चालवणार तर त्याला रोबो का म्हणायचं? मुलांच्या रिमोटच्या गाडीत आणि यात फरक काय?

अवकाशवेडी
साधाप्रश्न, सुरुवात खरंच त्या गाडीसारखीच झाली. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांसमोर चालवून दाखवली. बोट हुकूम पाळायची, उलट काही सांगायची नाही.

फरक पडला तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत. किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे तर माणसाला जाड भिंतीमागे उभं राहणं भाग होतं. रेमंड गर्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भिंतीवरून पलीकडे जाणारे यांत्रिक हात बनवले. अलीकडची मूठ आणि पलीकडचा चिमटा पट्ट्यांनी आणि दांड्यांनी जोडलेले, त्यामुळे पलीकडचं वजन आपोआप हाताला लागायचं. १९५४ पर्यंत त्यांनी हेच विजेच्या मोटरींवर आणलं आणि जाणवणारा जोरही टिकवला. आता मधे फक्त तार होती, आणि तार हवी तितकी लांब नेता येते. दूरहस्त ज्या दोन हातांबद्दल लिहितात त्यांचे हे पणजोबा.

मग १९७०. १७ नोव्हेंबरला सोव्हिएत लुनोखोद-१ चंद्रावर उतरलं आणि पाच जणांची तुकडी क्रिमियात बसून ते चालवत होती: प्रमुख, चालक, दिशादर्शक, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा. प्रकाशाला चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंद आणि परत यायला तेवढाच. पण खरा त्रास चित्राचा होता. हलतं चित्र नव्हतंच, काही सेकंदांनी एक स्थिर चित्र यायचं. म्हणजे चालक जो खड्डा बघतोय तिथे गाडी केव्हाच पोचलेली असू शकते. अशा अवस्थेत त्यांनी साडेदहा किलोमीटर गाडी चालवली. १९७३ च्या लुनोखोद-२ ने तर सुमारे ३९ किलोमीटर काटले. मला त्या पाच माणसांबद्दल फार आदर वाटतो. चंद्रावर पाऊल न ठेवता तिथे गाडी हाकणारे ते पहिले.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तिकडची जाणीव इकडे परत येते आणि यंत्राकडे स्वतःचा थोडाफार निर्णय असतो, तिथून पुढे आपण टेलिरोबो म्हणतो. तो "थोडाफार" किती, यावरच हा धागा आहे.

नियंत्रक
दूरहस्त, तुमच्या थरथरीचं कारण आधी स्पष्ट करतो, मी हा विषय शिकवतो. जोर आणि वेग दोन्ही उशिरा पोचले की मधली वाहिनी स्वतःच ऊर्जा निर्माण केल्यासारखी वागते. तुम्ही दिली नाही, रोबोने दिली नाही, तरी दोन्ही हात हलतायत, ती ऊर्जा उशिरातून आलेली. अँडरसन आणि स्पाँग यांनी १९८९ मध्ये वाहिनीला असं बांधून दाखवलं की ती कधीच ऊर्जा तयार करणार नाही, आणि नीमायर व स्लोटिन यांनी १९९१ मध्ये ते लहरींच्या भाषेत मांडलं. जोर आणि वेग सुटे पाठवायचे नाहीत, त्यांचं मिश्रण लहर म्हणून पाठवायचं. उशीर कितीही असला तरी, तो सतत बदलत नसेल तर, हात थरथरत नाही.

याची किंमत मात्र स्पर्शाला मोजावी लागते. मोकळ्या हवेत हात हलवताना काहीतरी जड ओढतोय असं वाटतं, आणि पोलादाला टेकलं तरी रबराला टेकल्यासारखं लागतं. स्थिरता आणि पारदर्शकता (म्हणजे तिकडचा स्पर्श जसाच्या तसा इकडे पोचणं) यांची ही ओढाताण १९९३ मध्ये लॉरेन्सने नीट मांडली. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. त्यातून स्पर्शाची मागणीही मोठी असते. डोळ्याला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं पुरतात, कडक पृष्ठभागाचा स्पर्श खरा वाटायला सेकंदाला हजार वेळा ताजा जोर द्यावा लागतो.

आणि माणूस स्वतः काय करतो तेही बघा. एमआयटीत विल्यम फेरेल यांनी १९६५ मध्ये लोकांना उशीर लावून काम करायला दिलं. लोक आपोआपच थोडं हलवायचे, थांबायचे, परिणाम दिसला की पुन्हा थोडं हलवायचे. काम व्हायचं, पण वेळ खूप लागायचा. त्यातूनच फेरेल आणि शेरिडन यांची देखरेखीच्या नियंत्रणाची कल्पना आली: प्रत्येक हालचाल सांगू नका, काम सांगा. पुढे १९७८ मध्ये शेरिडन आणि व्हरप्लँक यांनी समुद्राखालच्या यंत्रांसाठी दहा पायऱ्या आखल्या. तळाशी सगळं माणूस करतो, माथ्यावर यंत्र माणसाला विचारतही नाही. तुमच्या गटातले दोन तट याच जिन्याच्या दोन टोकांना उभे आहेत.

खोलपाणी
मी आरओव्ही पायलट आहे, म्हणजे जहाजाला तारेने जोडलेलं, समुद्राखालचं माणूसविरहित यान वरून चालवतो. बारा वर्षं समुद्रावर. जहाजातल्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसतो. एक यान चालवतो, दुसरा त्याचे हात. तारेत फायबर असल्यामुळे उशीर जवळपास नसतो. पण मी वापरलेल्या बहुतेक हातांना स्पर्श नव्हता. जोर किती लागतोय ते डोळ्यांनी आणि कानांनी ओळखायचं. पंपाचा आवाज बदलला, कॅमेऱ्यातलं चित्र किंचित तिरकं झालं, की समजायचं आपण कशाला तरी रेटतोय.

व्हॉल्व्ह फिरवायचा तर आधी डाव्या हाताने समोरचा बार घट्ट धरायचा, म्हणजे यान हलत नाही. मग उजव्या हाताने दांडा. घाई केली की पंख्यांनी तळाचा गाळ उठतो आणि पडद्यावर नुसतं तपकिरी ढग. अशा वेळी काहीही करायचं नाही, हात मांडीवर ठेवून गाळ बसायची वाट बघायची. नव्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं.

आता दूरहस्तांच्या मुद्द्यावर येतो. मला यंत्राची मदत हवीच आहे. यानाची पाण्यातली खोली आपोआप धरून ठेवणं आणि दिशा धरून ठेवणं या दोन सोयींशिवाय मी काम करूच शकलो नसतो. पण एकदा रात्री पाळी बदलताना माझ्या आधीच्याने खोली-धारणा चालू ठेवली होती आणि सांगायचं राहून गेलं. मी यान वर घेतोय, ते खाली जातंय. मला वाटलं प्रवाहाचा जोर आहे, मी आणखी रेटलं. पुढे ज्या गोंधळात पडलो त्यात तार एका खांबाला गुंडाळली गेली, सोडवायला अख्खी पाळी गेली. बिघाड कशातच नव्हता. यंत्र त्याला सांगितलेलंच करत होतं, फक्त काय करतंय ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून खुर्चीत बसलो की पहिल्यांदा सगळ्या सोयी बंद करतो, दोन मिनिटं यान हातानेच धरून ठेवतो, आणि मग एकेक चालू करतो. पाणी कसं आहे ते हाताला कळतं.

अवांतर: १९६६ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ हरवलेला हायड्रोजन बाँब सुमारे ८७० मीटरवरून वर आणला तो कर्व्ह नावाच्या तारेवरच्या यंत्रानेच. ते बाँबच्या पॅराशूटमध्ये गुरफटलं. तेव्हा वरच्या लोकांनी सोडवण्याचा नाद न करता दोन्ही एकत्रच ओढून घेतले. असा निर्णय घेणारा माणूस तारेच्या वरच्या टोकाला लागतो.

शल्यक
मी शल्यचिकित्सक आहे, रोबोच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करते. आमच्याकडे अंतर चार-पाच पावलांचंच असतं, रुग्ण त्याच खोलीत. पण अनुभव खोलपाणी यांच्यासारखाच, कारण मी ज्या यंत्रावर शिकले त्यात जोर हाताला लागत नव्हता. पहिल्या काही महिन्यांत टाके मारताना दोरा तुटायचा. मग डोळा शिकला. दोरा ताणला की त्याची वळवळ सरळ होते, गाठीखालची ऊती पांढुरकी पडते, तिथे थांबायचं. आता मला दोऱ्याचा ताण "जाणवतो", आणि ती जाणीव डोळ्यातून येते हे मुद्दाम आठवावं लागतं. जोर जाणवणारी यंत्रं आता येऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

यंत्र माझ्या हाताचा कंप गाळतं आणि माझी मोठी हालचाल लहान करून आत नेतं. ही मदत मला कधीच टोचत नाही. कुठे कापायचं ते मीच ठरवते.

लांबून शस्त्रक्रियेचं म्हणाल तर ७ सप्टेंबर २००१ ला झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णेचं पित्ताशय काढलं. अटलांटिकखालच्या खास राखून ठेवलेल्या फायबरवरून जाऊन-येऊन उशीर सुमारे १५५ मिलिसेकंद होता. तीनशेच्या आसपास गेलं की हात चाचरायला लागतो. या शस्त्रक्रियेबद्दल बोलताना सगळे न्यूयॉर्कच्या खुर्चीबद्दल बोलतात. मला स्ट्रासबर्गच्या खोलीतली माणसं महत्त्वाची वाटतात. तिथे शल्यचिकित्सक तयार उभे होते. रुग्णेला भूल देणारे, छिद्रं पाडून नळ्या बसवणारे, अवजारं बदलणारे, आणि जोडणी तुटली तर पोट उघडून काम पुरं करू शकणारे. माझ्या शस्त्रक्रियेतही रक्तस्राव सुरू झाला तर रोबोचे हात बाजूला काढणारा माझा सहायकच असतो. माणूस कुठे बसवायचा हा प्रश्न विचारताना एकच माणूस धरू नका. एक खुर्चीत, एक रुग्णाशेजारी.

साधाप्रश्न
वाचून बरंच कळलं, धन्यवाद. पण मंगळाचं काय? तिथे तर उशीर मिनिटांचा आहे. हात कामात ठेवायचा हा नियम तिथे टिकतच नाही ना?

अवकाशवेडी
हाताचा अर्थ जॉयस्टिक एवढाच घेतला तर नाही टिकत. मंगळापर्यंत सिग्नलला ३ ते २२ मिनिटं लागतात, एका बाजूने. म्हणून चालक आदल्या दिवशीची चित्रं बघून पुढच्या दिवसाचा हुकूमनामा लिहितात, आणि गाडी तो एकटीने पार पाडते. मोहिमेच्या सुरुवातीला ही माणसं मंगळाच्या घड्याळावर जगतात. तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे रोज कामाची वेळ पुढे सरकत जाते.

पण २००९ मध्ये स्पिरिट गाडी मऊ वाळूत रुतली तेव्हा काय केलं बघा. तिचं पुढचं उजवं चाक २००६ पासूनच बंद पडलेलं, ते ओढत ती उलटी चालायची. पृथ्वीवर मोठ्या पेटीत तशीच भुसभुशीत माती भरली, त्यात तिची जुळी गाडी तशीच रुतवली, आणि चाकं कशी वळवली तर ती किती सरकते हे महिनोन्‌महिने करून पाहिलं. मंगळावर हुकूम जायच्या आधी माणसं गुडघ्यावर बसून चाकाखालची माती बघत होती. गाडी निघाली नाही, मार्च २०१० नंतर तिचा आवाजही आला नाही. तरी मी याला हात कामात ठेवणंच म्हणेन.

मधल्या अंतरांसाठी वेगळ्या युक्त्या आहेत. १९९३ मध्ये कोलंबिया यानात जर्मनीचा रोटेक्स नावाचा रोबो होता. उशीर पाच ते सात सेकंद, आणि तरंगणारी वस्तू पकडायची. जमिनीवर संगणकाने "आता काय होत असेल" याचं भाकीत चित्र दाखवलं आणि त्यावरून पकड जमली.

आणि दूरहस्त, हे खास तुमच्यासाठी. ७ सप्टेंबर २०१५ ला अंतराळ स्थानकातून आंद्रेआस मोगेन्सेन यांनी नेदरलँड्समधल्या एका रोव्हरच्या हाताने खुंटी भोकात बसवली. फट मिलिमीटरच्या सहाव्या भागापेक्षाही कमी, उशीर जवळजवळ सेकंदाचा, आणि जोर त्यांच्या हाताला जाणवत होता. त्यामागचा विचार असा की पुढेमागे माणूस मंगळाभोवती फिरत राहील आणि खालचा रोबो चालवेल. उशीर कमी होत नसेल तर माणूसच जवळ न्यायचा.

शिकाऊ
मी थोडी वेगळ्या बाजूने लिहिते. मी रोबोला शिकवण्यासाठी माहिती गोळा करण्याचं काम करते. डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत नियंत्रक, समोरचा रोबो माझ्या हालचाली करतो आणि सगळं नोंदलं जातं. कपड्याची घडी, पेला उचलणं, झाकण लावणं, एकेक गोष्ट शेकडो वेळा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अलोहासारख्या स्वस्त दुहेरी हातांनी हे काम खूप पसरलं.

आमच्या संस्थेचं नाव लिहीत नाही, पण तिथे आम्हाला कोणी संशोधनातलं धरत नाही. दिवसाच्या शेवटी खांदे वर होत नाहीत, आणि आमची नोंद "किती वेळा केलं" एवढीच. एक गोष्ट मात्र मी पाहिली ती सांगायची आहे. आमच्या हेडसेटमध्ये चित्र किंचित उशिरा यायचं. त्यामुळे चिमटा मिटायच्या आधी मी नकळत क्षणभर थांबायची, वस्तू खरंच मधे आली ना हे बघायला. शिकवलेला रोबो पहिल्यांदा एकट्याने चालला तेव्हा तोही पेल्याजवळ जाऊन थांबला. तसाच, तेवढाच. त्याच्या जोडणीत उशीर नव्हता, थांबायचं त्याला काहीच कारण नव्हतं. माझी चाचरण त्याने उचलली होती. मला एकदम भरून आलं. मी सांगितल्यावर आधी कोणी लक्ष दिलं नाही. नंतर थांबलेले क्षण नोंदीतून काढले आणि रोबो सुरळीत चालायला लागला.

वर नियंत्रक सर म्हणाले ना, उशीर लावला की लोक थांबत थांबत काम करतात. ती सवय आता रोबोंमध्येही भरली जातेय. म्हणून शिकवणाऱ्याच्या हाताला नीट जाणीव द्या, त्याला दमवू नका. तो जसं करेल तसंच पुढे होणार आहे.

खोलपाणी
शिकाऊ, हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे नवा पायलट ज्याच्याशेजारी शिकतो त्याच्या खोड्याही घेतो. पण यंत्रही घेतं हे माहीत नव्हतं.

काचेआडून
निवृत्त आहे. आयुष्यभर जाड शिशाच्या काचेमागून यांत्रिक हातांनी काम केलं, अवकाशवेडी यांनी लिहिलेल्या त्या पट्ट्यांच्या हातांवर. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

काचेतून बघताना वस्तू असते तिथे दिसत नाही, थोडी सरकलेली दिसते. पिवळट काच, एकच कोन. म्हणून डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही हे पहिल्या आठवड्यातच शिकवायचे. बाटलीला झाकण लावायचं तर आधी उलटं फिरवायचं, हलकेच. एका जागी बारीकसा टक्‌ होतो, आट्याचं तोंड तिथे असतं. मग सुलटं. आटे तिरके बसले तर पहिल्या पाव फेऱ्यातच हाताला कळतं, झाकण कुरकुरतं. डोळ्याला ते सरळच दिसत असतं. विजेचे हात आले तेव्हा सुरुवातीला हा टक्‌ नाहीसा झाला आणि आमची झाकणं बिघडायला लागली. जोर किती लागतोय त्याचा आकडा दाखवायचे. आकड्यात टक्‌ दिसत नाही.

चेर्नोबिलच्या छपरावर १९८६ मध्ये रोबो नेले होते. किरणोत्सर्गाने त्यांची विद्युत यंत्रणा गेली, काही ढिगाऱ्यात अडकले, आणि शेवटी माणसांनी फावडी घेऊन मिनिट-दोन मिनिटांच्या पाळ्यांत ते साफ केलं. ही गोष्ट मी नव्या मुलांना मुद्दाम सांगायचो. आपला हात नीट चालला नाही तर कोणाला तरी आत जावं लागतं. फुकुशिमात २०२४ च्या शेवटी लांबवता येणाऱ्या नळीसारख्या उपकरणाने दोन नंबरच्या अणुभट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला कण काढला, साधारण ०.७ ग्रॅम. तिथल्या तीन अणुभट्ट्यांत मिळून असं अंदाजे ८८० टन आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिला प्रयत्न थांबवावा लागला होता, कारण ढकलायचे पाइप चुकीच्या क्रमाने लावले गेले होते. म्हणजे डॉक्टरबाई म्हणतात तेच. तिकडे उभा असलेला माणूसही त्या यंत्राचाच भाग.

नियंत्रक
काका, तो टक्‌ म्हणजे वरच्या पट्टीतला, फार वेगवान आणि बारीक कंप, आणि आपण अभियंत्यांनी स्थिरतेसाठी तोच सगळ्यात आधी गाळला. तुमचा अनुभव मी वर्गात सांगणार आहे.

दूरहस्त, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे. १९८३ मध्येच लिझॅन बेनब्रिज यांनी दाखवून दिलं होतं की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे फक्त अवघड उरतं, आणि सराव तुटल्यामुळे ते करण्याची त्याची ताकदही जाते. तुम्ही अनुभवलंत ते हेच. पण म्हणून सगळं हातानेच करा असंही नाही. १९९२ मध्ये लुई रोझेनबर्ग यांनी आभासी आधाराची कल्पना मांडली. आपण पट्टी धरून रेघ मारतो तसं. पेन्सिल आपल्या हातात असते, किती लांब आणि कधी थांबायचं ते आपण ठरवतो, पट्टी फक्त तिरकं जाऊ देत नाही. भोकाभोवती असा अदृश्य नरसाळ्यासारखा आधार बांधा. खुंटी माणसानेच न्यायची. उशिरामुळे येणारा धक्का रोबोने तिथल्या तिथे, स्वतःच्या स्प्रिंगसारख्या वागण्याने झेलायचा. वेगवान भाग तिकडे, निर्णयाचा भाग इकडे.

उंबरठा
शांतपणे वाचत होतो, एकच भर घालतो. माझा भाऊ अंथरुणाला खिळलेला आहे, बोटं थोडी हलतात. टोकियोत २०२१ पासून एक कॅफे चालतो, तिथे ओरिहिमे नावाचे रोबो गिऱ्हाइकांशी बोलतात आणि पदार्थ नेऊन देतात. ते चालवणारी माणसं आपापल्या घरी असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घराबाहेर पडता येत नाही. भावाला त्याचं चित्रण दाखवलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "गिऱ्हाईक बोलतं ते त्यांना लगेच ऐकू येतं का?" रोबो सगळं आपोआप करायला लागला तर तुमच्या दृष्टीने प्रगती असेल. त्याच्यासाठी तिथे माणूस लागतो हीच तर आशा आहे.

दूरहस्त
सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमच्या भावाचा प्रश्न आमच्या फळ्यावर लिहून ठेवलाय.

दोन आठवड्यांत काय केलं ते सांगतो. नियंत्रक सरांनी सुचवलेलं नरसाळं बांधलं. रोबोचा हात आता टेकला की स्वतःच मऊ पडतो, आणि खुंटी मीच नेतो. अर्ध्या सेकंदाच्या उशिरात लाल बटण एकदाही दाबावं लागलं नाही. स्पर्श रबरी आहे, ते मान्य.

दुसरं काम खोलपाणी यांच्या दोन मिनिटांवरून सुचलं. रोबो एकटा काम करत असताना अडला तर सूत्रं लगेच माणसाकडे देत नाही. आधी शेवटच्या काही सेकंदांतला जोर त्याच्या मुठीत पुन्हा वाजवून दाखवतो, हळू गतीने. काल एका सहकारी मुलीला बसवलं, तिने हे पूर्वी कधी केलं नव्हतं. खुंटी अडली. मुठीत तो जोर फिरून आला, तिने डोळे मिटले, म्हणाली, "डावीकडे टेकलीय, वरच्या अंगाला." पडद्यावर ते दिसत नव्हतं. तिने उजवीकडे रेसभर झुकवलं आणि खुंटी आत गेली. एकाच वेळचा अनुभव आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण गटातला दुसरा तट उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

काका, तो टक्‌ गाळणीतून सोडायचा आमचा प्रयत्न चाललाय. मुख्य जोर मंद ठेवून बारीक कंप वेगळ्या वाटेने मुठीतल्या छोट्या मोटरीला द्यायचा. तो तुमच्या ओळखीचा लागतोय का हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. जमेल का यायला?

काचेआडून
येतो. खुंटीबरोबर आट्याचं झाकण असलेली एक बाटलीही ठेवा. पहिल्यांदा उशीर न लावता द्या, नुसत्या हाताने झाकण फिरवून बघेन, मग यंत्राने, मग उशीर लावा. आणि शिकाऊ बाईंनाही बोलवा, त्यांचा हात रोज यंत्रावर असतो. माझा सुटून नऊ वर्षं झाली.